समुद्राच्या कलाने

पाणी आणि माणूस : लेखांक ९

वाळूच्या किनाऱ्यावर दगडी बंधारा झाला की पहिली दोन-तीन वर्षं सगळेच खूश असतात. माड वाचतात, रस्ता वाचतो, कोनशिला बसते. मग कधीतरी लक्षात येतं की बंधाऱ्यासमोरची वाळू कमी होतेय. भरतीला जिथे घोटाभर पाणी यायचं तिथे कमरेएवढं यायला लागतं. आणखी काही पावसाळे गेले की तळचे दगड उघडे पडतात, वरचे घरंगळून खाली येतात आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक तयार होतं. एव्हाना बंधारा जिथे संपतो त्याच्या पलीकडच्या वाडीतली माणसं ग्रामपंचायतीत येऊन बसलेली असतात, कारण आता त्यांची जमीन जायला लागलेली असते. मागणी एकच: आम्हालाही बंधारा द्या.

यात दर वेळी कुणी पैसे खाल्लेले असतात असं नाही. (खाल्ले असतील तर हेच सगळं लवकर घडतं, इतकंच.) चांगल्या अभियंत्याने चांगला दगड वापरून बांधलेल्या बंधाऱ्याचीही गत फारशी वेगळी होत नाही. कारण वाळूचा किनारा मुळात एका जागी नसतोच.

पुळणीवर चढणारी लाट उतारावर धावता धावता थकते, तिचं बरंचसं पाणी वाळूत मुरतं आणि उरलेलं निमूट परत जातं. दगडावर आदळलेली लाट थकत नाही. ती उलटी फिरते आणि फिरताना पायथ्याची वाळू उकरून नेते. वादळी दिवसांत मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात तिचा दांडा घालतात. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या जवळपास पोचली की लाट फुटते, म्हणून नंतरच्या लाटा या दांड्यावरच फुटतात. म्हणजे समुद्राने नेलेली वाळूच समुद्राला अडवत असते. दिवस निवळले की लहान, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्या हा या देवघेवीतला राखीव साठा. बंधारा घातला की तो साठा दगडाआड बंद होतो. समुद्र वाळू मागायला येतो तेव्हा त्याला पायथ्याशी असेल तेवढीच मिळते.

दुसरी हालचाल किनाऱ्याच्या लांबीने होते. लाटा बहुतेक वेळा किनाऱ्यावर तिरप्या येतात. वाळूचा कण लाटेबरोबर तिरपा वर चढतो आणि उताराने सरळ खाली येतो, पुन्हा तिरपा चढतो, पुन्हा सरळ उतरतो. असं करत तो किनाऱ्याकिनाऱ्याने मैलोन् मैल जातो. या वाटेत कुणी आडवी भिंत घातली की तिच्या एका बाजूला वाळू साठते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. शेजारच्या वाडीची जमीन का जाते याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

गेल्या लेखांकात आपण नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहराजवळ वाल नदीला जागा देण्यासाठी बांध साडेतीनशे मीटर मागे घेतलेला पाहिला. आज त्याच देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊ. देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे किनाऱ्याबाबत चूक करायची मुभा या लोकांना कमीच. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री आलेल्या उधाणात तिथे १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी जे बांधायला घेतलं ते ‘डेल्टा वर्क्स’ म्हणून जगभरच्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकवलं जातं: धरणं, बांध, दरवाजे आणि दक्षिणेकडच्या खाड्यांची तोंडं बंद करण्याचा भलाथोरला कार्यक्रम.

त्यातलं ओस्टरस्खेल्डे खाडीचं तोंडही पूर्ण बंद व्हायचं होतं. तिथल्या कालवं आणि शिंपल्यांवर जगणाऱ्या लोकांनी आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला. शेवटी सरकारने सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा, ६२ पोलादी दरवाजांचा अडसर बांधला. एरवी दरवाजे उघडे असतात, वादळात बंद होतात. १९८६मध्ये त्याचं उद्घाटन झालं. काम खरोखर अचाट आहे आणि आजवर त्याने आपली कामगिरी चोख बजावली आहे.

पण दरवाजे उघडे असले तरी मधल्या खांबांमुळे खाडीत ये-जा करणारं पाणी आधीपेक्षा कमी झालं. खाडीतले खोल प्रवाहमार्ग मात्र जुन्या, जोरकस भरतीच्या मापाचे. मंदावलेल्या प्रवाहाला ते मोठे पडतात, म्हणून वादळात त्यांत पडलेली वाळू तिथेच राहते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या मैदानांवर तिला परत चढवण्याइतकी ताकद पाण्यात उरलेली नाही. मैदानं झिजताहेत आणि त्यांवर चरणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा आक्रसते आहे. डच अभियंते याला ‘वाळूची भूक’ म्हणतात. २०१९मध्ये त्यांतल्या एका मैदानावर वाळू आणून टाकावी लागली. माणसं वाचवणाऱ्या बांधकामाची ही किंमत.

उघड्या समुद्रकिनाऱ्याबाबत मात्र डच सरकारने पुढे वेगळीच दिशा धरली. १९९०मध्ये ठरलं की किनाऱ्याची त्या वर्षीची रेषा हा पाया मानायचा आणि किनारा तिच्या मागे हटू लागला तर शक्यतो दगड न घालता वाळू भरायची. समुद्र जेवढी नेईल तेवढी त्याला द्यायची. पुढे यासाठीचं प्रमाण वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख घनमीटरवर नेण्यात आलं. ही वाळू येते उत्तर समुद्राच्या तळातून, पण कुठूनही नाही. पाण्याची खोली २० मीटरहून जास्त असेल तिथूनच उपसा करायचा, कारण त्याच्या आतली वाळू किनाऱ्याच्या देवघेवीचा भाग समजली जाते. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दर चार-पाच वर्षांनी वाळू भरण्यात एक अडचण होती. प्रत्येक भरणीत वाळूतले किडे, शिंपले, कालवं गाडली जातात. त्यांची वस्ती सावरेपर्यंत पुढची भरणी येते. मग असा विचार पुढे आला की वीस वर्षांची वाळू एकदमच एका ठिकाणी टाकावी आणि ती किनाऱ्यावर पसरवायचं काम वारा, लाटा आणि प्रवाहांवर सोडावं. घास घास भरवत बसण्यापेक्षा ताट वाढून पुढे ठेवायचं. या कल्पनेशी डेल्फ्ट विद्यापीठातले किनारी अभियांत्रिकीचे प्राध्यापक मार्सेल स्टिव्ह यांचं नाव जोडलं जातं. नाव पडलं ‘झांडमोटर’, म्हणजे वाळूचं इंजिन.

हेग शहराच्या दक्षिणेला, तेर हाइडे गाव आणि काइकडाउन यांच्या मधल्या किनाऱ्यावर २०११च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत हे काम चाललं. पोटात वाळू भरून आणणारी ड्रेजर जहाजं एकामागून एक येत. पाणी खोल असेल तिथे तळाची दारं उघडून वाळू सोडायची, उथळ झालं की नळातून कमानीसारखी फवारायची, आणि तेही जमेना की पाइप टाकून किनाऱ्यावर ओतायची. एकूण वाळू २ कोटी १५ लाख घनमीटर, खर्च सुमारे सात कोटी युरो. तयार झाला गळासारखा वळलेला एक प्रचंड आकडा: समुद्रात एक किलोमीटर शिरलेला, किनाऱ्यालगत दोन किलोमीटर रुंद, क्षेत्रफळ १२८ हेक्टर. पोटात एक छोटं तळं, आकड्याच्या वळणात एक उथळ लगून.

हे सगळं डिझेलवर चालणाऱ्या जहाजांनी झालं, हे इथे नोंदवून ठेवतो. ‘निसर्गाधारित’ या विशेषणाने हल्ली इतकी शेवाळी शाल पांघरली आहे की त्याआड यंत्र, इंधन आणि कंत्राटं आहेत हे विसरायला होतं. इथे निसर्गाकडे सोपवलं होतं ते वाटपाचं काम. उपशाचं नव्हे.

आणि निसर्गाने ते झपाट्याने सुरू केलं. पहिल्या दीड वर्षात आकड्यातून सुमारे १८ लाख घनमीटर वाळू निघून गेली. तिच्यातली बहुतेक, जवळपास ७० टक्के, आजूबाजूच्या किनाऱ्यावरच सापडली. म्हणजे ती वाया गेली नव्हती, ठरलेल्या कामावर रुजू झाली होती. आकडा चपटा होत गेला, टोक बोथटलं, दोन्ही बाजूंचा किनारा रुंदावला. आज तिथे आकड्याचा आकार शोधायला गेलात तर सापडणार नाही. किनारा समुद्राकडे फुगलेला दिसतो, बस्स. आयुष्य वीस वर्षं धरलं होतं; नंतरच्या मोजणीवरून वाळू त्याहून जास्त टिकेल असं दिसलं.

सगळं कागदावरच्यासारखं झालं नाही, आणि मला या प्रयोगात सर्वांत रस आहे तो इथे. वाऱ्याने वाळू उडून मागच्या टेकड्या भराभर वाढतील अशी अपेक्षा होती. त्या हळू वाढल्या. का, तर समुद्रतळातून आलेल्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे भरपूर होते. वाऱ्याने वरची बारीक वाळू उडवून नेली आणि शिंपले मागे राहिले. त्यांचा थर जमला आणि त्याने खालची वाळू झाकून टाकली. उडायला वाळू मिळत होती ती फक्त खालच्या, भरतीने रोज घुसळल्या जाणाऱ्या पट्ट्यातून. तीही टेकड्यांपर्यंत पोचण्याआधी मधल्या तळ्यात आणि लगूनमध्ये पडत होती. तळं आखणाऱ्यांनी मोठ्या हौसेने ठेवलं होतं. त्यानेच टेकड्यांची वाळू खाल्ली.

लगूनच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा प्रवाह जोराचा, म्हणून पोहणाऱ्यांची काळजी होती. सूचना लावाव्या लागल्या, पहारा ठेवावा लागला. पतंगावर स्वार होऊन लाटा कापणाऱ्या मंडळींना मात्र ही जागा फारच आवडली. आणखी एक अनपेक्षित गिऱ्हाईक आलं: जीवाश्म शोधणारे हौशी लोक. हिमयुगात उत्तर समुद्राच्या या भागात जमीन होती. त्या जमिनीवरच्या मॅमथांचे दात आणि हाडं ड्रेजरने वाळूबरोबर उपसून किनाऱ्यावर आणली. आता लहान मुलं ओहोटीला पिशवी घेऊन फिरतात.

टेकड्या हळू वाढताहेत हे कळलं कसं? वाळू किती गेली, कुठे गेली, याचा इतका नेमका हिशेब आला कुठून? वाळूच्या या आकड्यावर एक उंच मनोरा उभारून कॅमेरे बसवले होते, ते दिवसभर किनाऱ्याचे फोटो घेत. उथळ पाण्याची खोली मोजायला संशोधक जेटस्कीला उपकरणं बांधून लाटांतून फेऱ्या मारत. पण हे प्रयोगापुरतं झालं. खरी गोष्ट त्याहून जुनी आणि कंटाळवाणी आहे. १९६५च्या सुमारापासून डच सरकार आपल्या सगळ्या किनाऱ्याचे उभे छेद दरवर्षी मोजतं, दर दोन-अडीचशे मीटरवर एक. टेकडीपासून पाण्याखालच्या उतारापर्यंत. पूर आला, सरकार बदललं, पैशाची तंगी झाली, तरी मोजणी चालूच. १९९०ची रेषा ठरवता आली ती आधीच्या मोजण्या हाताशी होत्या म्हणून. वाळूच्या इंजिनाची तारीफ करणारे लेख पुष्कळ आहेत, या कंटाळवाण्या वह्यांची तारीफ कुणी करत नाही. माझ्या मते जे उचलायचं ते तिथून.

कल्पना पुढे गेली. नेदरलँड्सच्याच उत्तर भागात पेटनजवळ जुना दगडी समुद्रबांध होता. तो अपुरा ठरल्यावर तो उंच न करता २०१५पर्यंत त्याच्यासमोर साडेतीन कोटी घनमीटरच्या आसपास वाळू टाकून नवा किनारा आणि टेकड्या तयार केल्या. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर बॅक्टनचं मोठं गॅस टर्मिनल ढासळत्या कड्याच्या काठाला आलं होतं. तिथे २०१९मध्ये १८ लाख घनमीटर वाळू टाकली. झांडमोटरने पहिल्या दीड वर्षात जेवढी सोडली, साधारण तेवढीच. मात्र टाकली अशी की लाटांनी ती खालच्या बाजूच्या गावांपर्यंत न्यावी. पैशाचा मोठा वाटा टर्मिनलवाल्यांचा आणि फायदा गावांचाही, असा तो व्यवहार.

भारतात या सगळ्याचा उलटा धडा पुदुच्चेरीने घेतला. बंगालच्या उपसागराच्या त्या किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब केला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, दरसाल काही लाख घनमीटर. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेला बंदरासाठी समुद्रात लाटारोधक भिंती घातल्या. दक्षिणेला वाळू साठली, उत्तरेला शहराचा किनारा नाहीसा झाला. अडलेली वाळू पंपाने पलीकडे टाकत राहायची योजना होती, पण ते काम नियमित झालं नाही. शहरासमोर दगड टाकले. मग धूप आणखी उत्तरेला, कोट्टकुप्पम आणि तंथिरायनकुप्पमसारख्या मच्छीमार वस्त्यांकडे सरकली. तिथेही दगड पडले. पुदुच्चेरीच्या सहलीला गेलेले मराठी पर्यटक प्रोमेनाडवर उभे राहून ‘इथे बीच नाही का?’ विचारायचे, त्याचं उत्तर हे होतं.

नंतर चेन्नईच्या राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेने शहराच्या उत्तर टोकाशी पाचरीच्या आकाराचा पोलादी अडसर पाण्याखाली बसवला आणि त्याच्या आडोशाला वाळू भरली. २०१८नंतर तिथे पुन्हा पुळण दिसू लागली. माणसं वाळूत बसायला लागली. पण दक्षिणेचं बंदर वाळू अडवतंच आहे, त्यामुळे ती पलीकडे पोचवायचं काम कुणालातरी कायमचं अंगावर घ्यावं लागणार.

मग आपल्या कोकणात? रत्नागिरीकरांना त्यांच्या मिऱ्या किनाऱ्यावरच्या दगडी बंधाऱ्याबद्दल मी काही सांगायला नको. वाळूचं इंजिन तिथे आणून बसवावं असंही मी म्हणणार नाही. झांडमोटर जिथे आहे तो डेल्फलंडचा किनारा सरळसोट, सलग वाळूचा आहे. तिथे एका जागी टाकलेली वाळू पसरत जाते. आपल्याकडे दोन डोंगरी नाकांच्या मध्ये एक पुळण, मग पुन्हा कातळ, मग खाडी, मग पुढची पुळण. वाळू लांबवर प्रवास करत नाही, आपापल्या खिशात राहते. तिची मोठी हालचाल आतबाहेरची, आणि ती पावसाळ्याच्या तालावर चालते. मृगापासून समुद्र पुळण ओढतो, गणपती आटोपले की ती हळूहळू भरू लागते, थंडीत पुन्हा रुंद होते. वेळास-आंजर्ल्याला कासवं अंडी घालायला येतात ती या भरलेल्या पुळणीवर.

आता कल्पना करा, धुपीची तक्रार आली आणि पाहणी झाली ऑगस्टमध्ये. पथकाला दिसणार ती वर्षातली सर्वांत अरुंद पुळण. बंधारा मंजूर होतो, फेब्रुवारीत बांधायला घेतला जातो तेव्हा पुळण परत आलेली असते आणि दगड तिच्या अंगावरच टाकले जातात. पुळण खरंच कायमची मागे हटते आहे की फक्त पावसाळी रजेवर गेली आहे, हे ठरवायला आधीच्या वर्षांचे आकडे हवेत. काही ठिकाणी ती खरंच हटते आहे, याबद्दल शंका नाही. पण कुठे आणि किती, हे माहीत असल्याशिवाय दगड काय आणि वाळू काय, दोन्ही अंदाजपंचेच.

आणि मघाचा २० मीटरचा नियम. डच लोक किनाऱ्याच्या देवघेवीतली वाळू उचलत नाहीत. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी, नदी जिथे समुद्राला वाळू द्यायला येते तिथेच, सक्शन पंप लागतात. रेतीचा कायदेशीर लिलाव असो की रात्रीचा चोरटा उपसा, वाळू जाते त्याच खात्यातून. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या नद्या आखूड, त्यांच्यावर धरणं आणि बंधारे, म्हणजे आवक आधीच बेताची. खाडीतून काढलेल्या ब्रासचा महसूल एका खात्यात जमा होतो आणि त्याच तालुक्यातल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा खर्च दुसऱ्या खात्यातून पडतो. दोन्ही रकमा एकाच कागदावर मांडल्या तर काय दिसेल, हे कुणीतरी मांडून पाहावं.

मोजणीला जेटस्की लागत नाही. के. ओ. एमरी या अमेरिकी सागरी भूवैज्ञानिकाने १९६१मध्ये पुळणीचा छेद मोजायची इतकी साधी पद्धत दिली की ती शाळेतल्या मुलांनाही जमते. सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये ठरावीक लांबीची दोरी. एक काठी वर, दुसरी समुद्राच्या बाजूला. वरच्या काठीशी उभं राहून खालच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा वरच्या काठीला तिच्या टोकापासून जितकी खाली छेदेल, तेवढा दोन काठ्यांमधला उतार. आकडा लिहायचा, काठ्या पुढे न्यायच्या. माडाच्या मुळापासून, म्हणजे कायम एकाच खुणेपासून सुरुवात करायची आणि ओहोटीच्या पाण्यापर्यंत जायचं. मे महिन्यात एकदा, सप्टेंबरात एकदा. पद्धतीला फक्त मोकळं क्षितिज लागतं, आणि पश्चिमेला तोंड केलेल्या कोकणात ते जवळजवळ प्रत्येक पुळणीवर आहे.

पुढच्या आठवड्यात वाळूकडून चिखलाकडे. जावा बेटावरच्या डेमाकमध्ये बांबू आणि फांद्यांचे कूड समुद्रात घालून गाळ धरायचा आणि त्यावर खारफुटी येऊ द्यायची, असा प्रयत्न झाला. गाळ जमलाही. पण भूजलाच्या उपशामुळे खालची जमीनच खचत होती.